एकाच ९४ ची तीन उत्तरं? जॉइंट, मार्जिनल, कंडिशनल संभाव्यता, मदत हवी

नवखी
नमस्कार मंडळी. संशोधन पद्धतीचा पेपर आहे आणि माझं गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच, तर जरा सांभाळून घ्या. सरावाला एक जुना सर्व्हे दिलाय, अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या ५९२ विद्यार्थ्यांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग. ओळीत केस आणि रकान्यात डोळे, डोळ्यांचा क्रम तपकिरी, निळे, घारे, हिरवे आणि शेवटी बेरीज:

काळे केस: ६८, २०, १५, ५ = १०८
तपकिरी केस: ११९, ८४, ५४, २९ = २८६
लाल केस: २६, १७, १४, १४ = ७१
सोनेरी केस: ७, ९४, १०, १६ = १२७
एकूण: २२०, २१५, ९३, ६४ = ५९२

प्रश्न असाय की "सोनेरी केस आणि निळे डोळे असण्याची संभाव्यता काढा". आमच्या ग्रुपात तिघांची तीन उत्तरं आली, ०.१६, ०.७४ आणि ०.४४, आणि गंमत म्हणजे तिघांनीही वर ९४ च घेतलेत. मी चौथी, मला तिन्ही पटतायत हाच प्रॉब्लेम आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भागाकार
तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगळ्या प्रश्नांची आहेत. ९४ तोच, खाली कोण बसलंय ते बघा.

९४ भागिले ५९२ = ०.१५९. इथे सगळ्या विद्यार्थ्यांतून एकाला डोळे मिटून उचललं आणि त्याच्यात दोन्ही गोष्टी एकदम सापडल्या. ही जॉइंट, म्हणजे संयुक्त.
९४ भागिले १२७ = ०.७४०. इथे आधीच माहितीये की पोरगं सोनेरी केसांचं आहे, बाकीचे ४६५ जण खोलीबाहेर गेले, उरलेल्या १२७ मध्ये निळे डोळे शोधतोय. ही कंडिशनल, म्हणजे सशर्त.
९४ भागिले २१५ = ०.४३७. हीसुद्धा कंडिशनलच पण खोलीत उरलेत ते निळ्या डोळ्यांचे, आणि शोधतोय सोनेरी केस.

तुमच्या प्रश्नात "आणि" आहे, कुठलीही अट नाही, त्यामुळे ०.१५९. मार्जिनल म्हणजे टेबलाच्या कडेच्या बेरजा भागिले ५९२, उदा. सोनेरी केस १२७/५९२ = ०.२१५, निळे डोळे २१५/५९२ = ०.३६३. दुसऱ्या गोष्टीशी काही देणंघेणं नाही.

रिकामटेकडा
+१ भागाकार. आयडी सार्थ केलात राव.

नवखी
धन्यवाद, हे खोलीबाहेर काढणं डोक्यात बसलं. पण परीक्षेत प्रश्न इतका सरळ नसतो ना. आमच्या सरावसंचात एक असाय, "निळ्या डोळ्यांचे सोनेरी केसवाले किती टक्के?" आता ह्याचं काय करायचं?

भागाकार
ह्या वाक्याचं काही करता येत नाही, ज्याने प्रश्न काढला त्यालाच विचारायला हवं. खरंच सांगतो, त्यातून तिन्ही अर्थ निघतात. माझा अनुभव असा की ह्या विषयातले निम्मे मार्क आकडेमोडीत जात नाहीत, वाक्य वाचण्यात जातात. "सोनेरी केसवाल्यांमध्ये निळ्या डोळ्यांचं प्रमाण" म्हटलं की खाली १२७. "निळे डोळे असतील तर केस सोनेरी असण्याची शक्यता" म्हटलं की खाली २१५. "एका विद्यार्थ्याची निवड केली, त्याचे केस सोनेरी व डोळे निळे" म्हटलं की ५९२. अट बरेचदा "जर", "असेल तर", "मध्ये", "पैकी" ह्यांच्या आडोशाला बसलेली असते, आणि कधीकधी दोन वाक्यं आधी येऊन गेलेली असते, "आता फक्त लाल केसांचा गट घ्या" वगैरे, आणि पुढचे चार उपप्रश्न त्या गटावर असतात हे आपण विसरतो.

मी तर कुठलीही आकडेमोड सुरू करायच्या आधी एक ओळ लिहायला लावतो: "एकूण कोण?" तेवढी लिहिली की बाकीचं चौथीच्या भागाकाराचं गणित आहे.

रिकामटेकडा
ज्यांना हाताने करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी, एक्सेलच्या पिव्हट टेबलात व्हॅल्यूवर राइट क्लिक करून "शो व्हॅल्यूज अॅज" मध्ये गेलात की ग्रँड टोटलचे टक्के, रो टोटलचे टक्के, कॉलम टोटलचे टक्के असे पर्याय दिसतात. पहिला म्हणजे जॉइंट, बाकीचे दोन म्हणजे दोन दिशांच्या कंडिशनल. पायथॉनवाल्यांना पांडाज लायब्ररीच्या क्रॉसटॅबमध्ये नॉर्मलाइज म्हणून हेच तीन पर्याय मिळतील. रिपोर्टमध्ये टेबल चिकटवताना कुठले टक्के आहेत ते वर लिहा म्हणजे झालं, लोक लिहीत नाहीत आणि मग वाचणारा बेरीज कुठल्या दिशेने १०० येते ते शोधत बसतो.

तळटीप
थोडं अवांतर पण महत्त्वाचं. हा डेटा स्नी यांनी १९७४ मध्ये छापला, वर्गातल्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेला. आता हाच डेटा आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो आणि तिथे मुलगा-मुलगी असा तिसरा भागही दिसतो. तो मूळ सर्व्हेत नव्हता, नंतर १९९२ मध्ये फ्रेंडली यांनी शिकवण्याच्या सोयीसाठी घातला. त्यामुळे त्यावरून "मुलींमध्ये निळे डोळे जास्त" असले निष्कर्ष काढलेत तर ते हवेतले. गणित बरोबर येईल, अर्थ शून्य. आणि ५९२ मधून काढलेलं सगळं त्या ५९२ जणांबद्दल आहे, अमेरिकेबद्दल नाही.

नवखी
बाप रे, बरं झालं सांगितलंत, पुढच्या प्रश्नात तेच करणार होते आम्ही. आता स्वतंत्र घटना. "केसांचा रंग व डोळ्यांचा रंग स्वतंत्र आहेत का ते तपासा." सूत्र पाठ आहे, गुणाकार बरोबर जॉइंट आला पाहिजे. पण का?

भागाकार
सूत्र बाजूला ठेवा. स्वतंत्र म्हणजे एक गोष्ट कळल्याने दुसरीबद्दलचा अंदाज बदलत नाही. काहीच माहीत नसताना निळ्या डोळ्यांची शक्यता ०.३६३. केस सोनेरी आहेत हे कळल्यावर ती ०.७४० झाली, काळे आहेत हे कळलं तर २०/१०८ = ०.१८५ वर आली. अंदाज बदलला, विषय संपला, स्वतंत्र नाहीत.

गुणाकार त्याच्यातूनच येतो. जॉइंट ही नेहमीच मार्जिनल गुणिले कंडिशनल असते, ०.२१५ गुणिले ०.७४० केलंत की ०.१५९ परत येतं. कंडिशनल आणि मार्जिनल सारख्याच असत्या तर कंडिशनलच्या जागी ०.३६३ बसला असता आणि गुणाकार ०.०७८ आला असता, म्हणजे ५९२ मध्ये साधारण ४६ जण. प्रत्यक्षात आहेत ९४, दुपटीहून जास्त.

एक मात्र ध्यानात ठेवा, सर्व्हेच्या डेटात गुणाकार तंतोतंत जुळत नाहीच कधी. ४६ च्या जागी ४८ असते तर तेवढ्यावरून "स्वतंत्र नाहीत" म्हणू नये, तिथे काय-वर्ग चाचणी लावून फरक योगायोगाचा असू शकतो का ते बघतात. ४६ आणि ९४ ला मात्र चाचणीची वाट बघायची गरज नाही.

उंटावरचा शहाणा
एवढा घोळ कशाला. निळ्या डोळ्यांचं प्रमाण हवंय ना, चार गटांचे टक्के घ्या, १८.५, २९.४, २३.९, ७४.०, सरासरी काढा. ३६.५ आली. तुमचं मार्जिनल ३६.३. काम झालं. उगाच लोक सोप्या गोष्टी अवघड करतात.

तळटीप
शहाणे, तुमचा उंट ह्या वेळी नशिबाने घराकडे चालला. हेच हिरव्या डोळ्यांचं करून बघा, साधी सरासरी ११.८ येते, खरं आहे ६४/५९२ म्हणजे १०.८.

उंटावरचा शहाणा
एका टक्क्याने काय आभाळ कोसळतंय का.

भागाकार
कोसळतं हो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचे सहा मोठ्या विभागांचे आकडे प्रसिद्ध आहेत. अर्ज केलेल्या मुलींपैकी किती टक्क्यांना प्रवेश मिळाला ते विभागवार घ्या: ८२.४, ६८.०, ३४.१, ३४.९, २३.९, ७.०. तुमच्या पद्धतीने सरासरी ४१.७. प्रत्यक्षात १८३५ मुलींपैकी ५५७ जणींना प्रवेश, म्हणजे ३०.४. अकरा टक्क्यांचा फरक पडला. कारण ८२ टक्केवाल्या पहिल्या विभागात मुलींचे अर्ज होते फक्त १०८, दुसऱ्यात तर २५, आणि तिसऱ्यात ५९३. २५ आणि ५९३ ला सारखंच वजन कसं देणार?

कंडिशनलवरून मार्जिनलकडे जायचं तर प्रत्येक गटाचा टक्का त्या गटाच्या वाट्याने गुणायचा आणि मग बेरीज. केसांच्या टेबलात:
०.१८२ × ०.१८५
०.४८३ × ०.२९४
०.१२० × ०.२३९
०.२१५ × ०.७४०
बेरीज ०.३६३. ह्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एकेक जॉइंट आहे, म्हणजे आपण टेबलाचा निळा रकानाच पुन्हा उभा केला. बेझचं सूत्र म्हणून जे घाबरवतात ते ह्याच्या पुढे एक पाऊल आहे फक्त, शेवटच्या ओळीचा गुणाकार भागिले ही बेरीज, ०.१५९/०.३६३ = ०.४३७. वर तुमच्या ग्रुपात तिसरं उत्तर आलेलं तेच.

रिकामटेकडा
आणि त्याच बर्कलीच्या आकड्यांत मुलांचं एकूण ४४.५ टक्के येतं पण विभागवार बघितलं तर सहापैकी चार विभागांत मुलींचा टक्का मुलांपेक्षा जास्त आहे, पहिल्या विभागात तर मुली ८२.४ आणि मुलं ६२.१. बहुतेक मुलींनी जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड तिथे अर्ज केले होते. सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात ह्याला. त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे हायजॅक नको.

उंटावरचा शहाणा
ठीक आहे, वजन द्या. पण हा बर्कलीवाला सर्व्हे नाहीये, प्रवेशाचं दफ्तर आहे. धागा सर्व्हेचा आहे. :)

तळटीप
हे मात्र खरं बोललात.

कडेलोट
मी बरेच दिवस वाचनमात्र होते, पण माझा प्रश्न ह्याच्याशी जोडलेला आहे म्हणून लिहितेय. मी स्वतः गूगल फॉर्मवर सर्व्हे घेतलाय, समजा ३०० उत्तरं आहेत. "बातम्या कुठून घेता, लागू असतील ते सगळे पर्याय निवडा" ह्यावर टीव्ही १८०, मोबाइल २१०, छापील पेपर ९०. बेरीज ४८० होते. आता मार्जिनल कशी काढू, ३०० ने भागू की ४८० ने? आणि टीव्ही व मोबाइल दोन्ही वापरणारे किती हे मला रिपोर्टमध्ये लिहायचंय, तर ०.६ गुणिले ०.७ करून ०.४२ लिहिलं तर चालेल का?

भागाकार
चांगला प्रश्न, पुस्तकातल्या टेबलांत हा कधी येत नाही आणि खऱ्या सर्व्हेत पहिल्याच पानावर भेटतो.

माणसांबद्दल बोलायचं तर ३०० नेच भागा. ६०, ७० आणि ३० टक्के, बेरीज १६०, आणि तशीच राहू द्या, कारण एकच माणूस दोन-तीन ठिकाणी मोजला गेलाय. हे एकाच टेबलाचे तीन रकाने नाहीत, हे तीन वेगळे हो-नाही प्रश्न आहेत. ४८० ने भागलंत तर मोबाइल ४३.७५ टक्के येईल, पण ते "पडलेल्या टिकांपैकी किती टिका मोबाइलवर" असं काहीतरी झालं, आणि टिका मोजण्यात कोणाला रस आहे?

दोन्ही वापरणाऱ्यांचं मात्र गुणाकाराने लिहू नका. ०.४२ लिहिणं म्हणजे टीव्ही बघणं आणि मोबाइलवर वाचणं स्वतंत्र आहेत असं न तपासता गृहीत धरणं. नुसत्या मार्जिनलवरून जॉइंट सापडतच नाही. फार तर तिच्या मर्यादा कळतात: १८० आणि २१० मिळून ३९०, माणसं ३००, म्हणजे कमीत कमी ९० जण दोन्हीत असलेच पाहिजेत, आणि जास्तीत जास्त १८०, म्हणजे टीव्हीवाले सगळेच्या सगळे मोबाइलवालेही असतील तर. तुमचं उत्तर ०.३ ते ०.६ च्या मध्ये कुठेही असू शकतं. तुमच्याकडे मूळ शीट आहे ना, मग अंदाज कशाला, दोन्ही टिका असलेल्या ओळी मोजा.

कडेलोट
शीट आहे, काउंटइफ्सने मोजते. अजून एक, ह्याच फॉर्मात उत्पन्नाचा प्रश्न ऐच्छिक ठेवला होता, ६० जणांनी रिकामा सोडला. ते ६० धरायचे का एकूणात?

तळटीप
दोन्ही प्रकारे करता येतं पण काय केलंत ते लिहा. २४० ने भागलंत तर ती "उत्तर दिलेल्यांमध्ये" अशी कंडिशनल झाली, मग तुम्ही तिला मार्जिनल म्हणा किंवा काहीही म्हणा. आणि ज्यांनी सोडलं ते सोडणाऱ्यांसारखेच असतात, बाकीच्यांसारखे असतीलच असं नाही, उत्पन्नाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३६ चं. लिटररी डायजेस्ट ह्या अमेरिकन साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांच्या वर परत आल्या, एवढा मोठा सर्व्हे म्हणजे कोणाची हिंमत शंका घ्यायची, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन (दोघांच्या मतांपैकी सुमारे ५७ टक्के मतं घेऊन) जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून निवडून आले. पत्ते घेतले होते फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांमधून, आणि त्यातही परत पाठवणारे चौथाईच्या आसपास. म्हणजे साप्ताहिकाने मोजली ती "यादीत असेल आणि उत्तर पाठवलं असेल तर लँडनला मत" ही शक्यता, आणि छापली अट काढून टाकून.

नवखी
हा धागा आमच्या अख्ख्या ग्रुपला पाठवलाय. पण मग लोक ज्याचं खरं उत्तर देतच नाहीत त्याचं काय? आमच्या प्रोजेक्टात "परीक्षेत कॉपी केली आहे का" असा प्रश्न टाकायचा विचार होता, सगळे नाहीच म्हणणार.

भागाकार
त्याला एक झकास युक्ती आहे, वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेली, आणि ती पूर्णपणे कंडिशनल संभाव्यतेवर उभी आहे. एका पिशवीत १० चिठ्ठ्या ठेवा. ७ वर लिहा "मी कॉपी केली आहे", ३ वर "मी कॉपी केलेली नाही". प्रत्येकाने चिठ्ठी काढायची, कोणाला दाखवायची नाही, परत टाकायची, आणि वाक्य आपल्याला लागू आहे का एवढंच हो किंवा नाही सांगायचं. हो म्हणणाऱ्याने कुठली चिठ्ठी काढली हे तुम्हाला कळत नाही, त्यामुळे तो निवांत खरं बोलू शकतो.

समजा २०० पैकी ७६ जण हो म्हणाले, म्हणजे ०.३८. कॉपी केलेल्यांचं प्रमाण क्ष धरा. त्यांच्यात हो येण्याची शक्यता ०.७, बाकीच्यांत ०.३. मघासारखीच वजनाने बेरीज: ०.७ × क्ष + ०.३ × (१ − क्ष) = ०.३८. सोडवलं की क्ष = ०.२. एकाही माणसाची चिठ्ठी न बघता पाचात एक हे आपल्याला कळलं.

उंटावरचा शहाणा
आणि जो हो म्हणाला तो पकडला गेलाच की, ७० टक्के तरी.

भागाकार
नाही, ०.७ ही "कॉपी केली असेल तर हो" ची शक्यता आहे. तुम्हाला हवीये उलटी, "हो म्हणाला तर कॉपी केली असेल". ०.७ × ०.२ = ०.१४, भागिले ०.३८, म्हणजे ०.३७. हो म्हणणाऱ्यांपैकीही बहुतेकांनी कॉपी केलेलीच नाही. नाही म्हणणाऱ्यांत ०.०६/०.६२, साधारण ०.१०.

नवखी
मग पिशवीत ५ आणि ५ चिठ्ठ्या ठेवल्या तर अजून सुरक्षित ना? लोक अजून बिनधास्त बोलतील.

भागाकार
इतके सुरक्षित की तुम्हालाही काही कळणार नाही. ०.५ × क्ष + ०.५ × (१ − क्ष), क्ष उडूनच जातो, कोणी कॉपी करो न करो हो म्हणणारे निम्म्याच्या आसपास येणार. ७-३ मध्येही किंमत मोजावी लागतेच. सरळ विचारून सगळे खरं बोलले असते तर २०० जणांवर प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) पावणेतीन-तीन टक्क्यांची आली असती, चिठ्ठ्यांनी ती साडेआठ टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे वरचं ०.२ बरंच डळमळीत आहे. सरळ विचारण्याइतकी अचूकता चिठ्ठ्यांनी हवी असेल तर २०० च्या जागी अठराशेच्या वर माणसं लागतील. तुमच्या वर्गात किती जण आहेत?

नवखी
बेचाळीस.

रिकामटेकडा
केसांचा रंग विचारा.